द्राक्षबागेतले पानगे

पवनीहून आई विचारते, मावशी विचारते, शेजारची प्रतिभा तर दर दोन दिवसांनी विचारते, "तू त्या द्राक्षाच्या बागेत जाऊन काय करून आली, सांग ना वं." फोनवर सांगायला घेतलं की मध्येच रेंज जाते, नाहीतर तिकडे कुणाचं दूध उतू जातं, आणि गोष्ट अर्धीच राहते. म्हणून लिहून काढते आहे. माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर समजून घ्या. तिखटमीठ सहसा चुकत नाही.

धायरी

पुण्याला येऊन बरीच वर्षं झाली, पण पुण्याबाहेर म्हणून मी कुठे गेले नव्हते. गेले तर गावी, आणि गावाहून परत. आमचं घर धायरीत, एका इमारतीच्या तळाला दोन खोल्या. एकीत आम्ही राहतो, दुसरीत डबे भरले जातात. नवरा स्कूटरवर डबे पोचवतो आणि तिथून कारखान्यात जातो. आसपास कॉम्प्युटरवर काम करणारी मुलंमुली भाड्याने राहतात. त्यांना माझी भाजी ओळखू येते, मी ओळखू येत नाही, आणि मला ते बरंच वाटायचं. समोर चार माणसं उभी राहिली की माझे तळहात ओले होतात. लहानपणापासूनचं आहे ते.

केतकी ही त्या डब्यांतलीच एक. एका संध्याकाळी रिकामा डबा हातात घेऊन ती स्वतःच दारात उभी राहिली.

"जवसाची चटणी कुणी केली?"

मला वाटलं, चटणीत केस निघाला. "मीच. काय झालं?"

"काही नाही. मला फक्त त्या बाईंना बघायचं होतं."

मग ती आत येऊन ओट्याशेजारी बसली, आणि त्यानंतर बसतच राहिली. ती व्हीगन. म्हणजे दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. मी विचारलं, "कधीपर्यंत?" ती म्हणाली, "कायमचं." आईला फोनवर सांगितलं तर तिकडून पहिला प्रश्न आला, "डॉक्टरनं सांगतलं का?" मी नाही म्हटलं. आई म्हणाली, "पोरगी चांगल्या घरची दिसते. तिले जवस जास्त देत जा."

या केतकीचा एक गट आहे. दर मोसमात एकदा ही मंडळी पुण्याबाहेर कुणाच्या तरी शेतात जमतात, त्या दिवसांत जे पिकतं तेवढंच रांधतात आणि एकत्र जेवतात. प्रत्येक वेळी एक यजमान असतो. काय करायचं ते तो ठरवतो, आणि जेवणाआधी सगळ्यांसमोर उभं राहून सांगतो की ताटात काय आहे, कुठून आलं, कसं केलं. पावसाळ्यात कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई यजमान होत्या म्हणे. यंदा थंडीतलं जेवण नारायणगावकडच्या एका द्राक्षबागेत ठरलं होतं.

"आणि यजमान तुम्ही," केतकी म्हणाली.

"स्वयंपाक मी करून देते. यजमान दुसरं कुणीतरी बघ."

"अहो ताई, स्वयंपाकी नकोय. यजमान हवाय."

"मला बोलता येत नाही."

"मग आत्ता काय करताय?"

नवऱ्याने तेवढ्यात मागून, "ती येईल," असं सांगून टाकलं. पुरुषांना दुसऱ्याचा होकार देणं फार सोपं जातं.

बेत मी पानग्यांचा ठरवला. आमच्याकडे थंडी पडली की कुणाच्या तरी वावरात पानग्यांचं जेवण होतंच. पुण्यात मात्र कुणाला माहीत नव्हतं, म्हणून केतकीला समजावून सांगितलं: रवाळ कणकेचे जाडजूड गोल थापायचे, प्रत्येक गोल दोन पळसाच्या पानांमध्ये धरायचा आणि निखाऱ्यात पुरून सावकाश भाजायचा. बाहेरून खरपूस, आतून मऊ. फोडायचा आणि तूप ओतायचं. तुपाच्या जागी जवसाचं तेल, बाकी सगळं तसंच. केतकीला तिथेच भूक लागली. तिने गटावर लिहून टाकलं की या जेवणात जनावरापासून आलेली एकही वस्तू नसेल, बियाण्यापासून ताटापर्यंत. मला वाचून दाखवलं. मी मान डोलावली. दूध, दही, तूप, मध. सगळं वगळलं होतं. कुठे काय राहिलं?

मार्केट यार्ड

शनिवारी सकाळी मी आणि केतकी मार्केट यार्डात. आमच्या पवनीच्या आठवडी बाजारात भाजी घेताना विकणारी आधी आईची तब्येत विचारते, मग भाव सांगते. इथे तब्येत विचारायला कुणाला वेळ नाही. डोक्यावर पोती घेतलेले हमाल "बाजूला, बाजूला" करत अंगावरून जातात, आणि आपण कोथिंबिरीच्या ढिगाला चिकटून उभं राहायचं. केतकीच्या पांढऱ्या बुटांचा रंग पहिल्या गाळ्यापाशीच बदलला.

भरताची वांगी, हरभऱ्याचा कोवळा पाला, तुरीच्या ओल्या शेंगा, हिरवी मिरची, लसूण. वांग्यांपाशी मी नेहमीच्या सवयीने एकेक उचलून हातात तोलत होते. जड वांगं बियांचं, हलकं भरताचं. गाळेवाला वैतागला. "बाई, वांगी घेताय का सोनं?" त्याच्याशेजारी पोतं उतरवणारा हमाल माझ्याकडे बघून हसला. "बापा! ताई, तुम्ही भंडाऱ्याकडच्या नसाल तर माझं नाव बदलून टाका."

तो लाखांदूरचा निघाला. पवनीपासून काही लांब नाही. इतक्या गोंगाटात आपली बोली कानावर पडली आणि माझे डोळे वाहायला लागले. वांग्यांच्या ढिगापुढे उभं राहून रडणारी बाई यार्डाने त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली असेल. त्याने आमची पोती गाडीपर्यंत आणून दिली, पैसे घेईना. "जय भीम ताई. पानगे करून राहिले म्हणता, एक माझ्या नावानं खा." त्याच्या नावानं खाईन, असं मी त्याला सांगितलं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

बाग

रस्त्याचं काही सांगत नाही. मला गाडी लागते, आणि ते वाचण्यासारखं नाही.

बाग मात्र सांगते. आमच्याकडे धानाचे बांध, म्हणजे नजर दूरपर्यंत जाते, मध्ये एखादा मोह किंवा पळस उभा. इथे उलट. लोखंडी खांबांवर तारा ताणलेल्या, त्यांवर वेल चढवून पसरलेला, आणि त्याखाली हिरव्या सावलीचा लांबच लांब मांडव. घड डोक्याच्या उंचीला लोंबतात. उंच माणसाला ताठ चालताच येत नाही. बागेचे मालक, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, चांगले धिप्पाड आहेत, आणि आयुष्यभर या मांडवाखाली वावरून त्यांची मान पुढे झुकलेलीच राहिली आहे. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "मांडवाखाली जेवा, नाचा, झोपा. जाळ मात्र तिकडं खळ्यावर. पानाला झळ लागली तर मी तुम्हाला ओळखत नाही."

मुक्काम कौसाबाईंकडे होता. बागेत काम करणाऱ्या बायकांच्या त्या मुकादम. साठीच्या, बारीक, कमरेला कात्री खोचलेली. घड दाट झाला की मधले मणी कापून विरळ करावे लागतात, म्हणजे उरलेले फुगतात. त्यासाठी ती कात्री. बोलतानाही ती कात्री चालूच असते असं वाटावं.

"नाव?"

"रंजना."

"आडनाव?"

लहानपणापासून मी एक शिकले आहे, जे आहे ते आधीच सांगून टाकावं, म्हणजे पुढे कुणाच्या चेहऱ्याकडे बघत बसावं लागत नाही. मी म्हटलं, "मेश्राम. आम्ही बौद्ध."

कौसाबाईंनी मला खालून वर पाहिलं. "ते ऱ्हाऊ दे. चहात गूळ चालतो का?"

"चालतो."

"आन ही तुमची मैतरीण?"

"तिला दूध नको. कोरा द्या."

यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. "गाय दारात बांधलीय आन चहा कोरा? पोरीला कुनी शाप दिलाय का?"

रात्री त्यांच्याच घरी झोपले. सकाळी उठून त्या आणि त्यांच्या बायका डोंगराच्या अंगाला जाऊन पळसाची पानं घेऊन आल्या. मी द्राक्षाच्याच पानांत गुंडाळावं का विचारलं होतं, तर त्या म्हणाल्या, "औषध मारलेलं हाय त्यावर. माणसं जेवाया बोलावलीत ना?"

खळ्यावरचा जाळ

रविवारी दुपारपर्यंत माझ्यासारखी सुखी बाई जुन्नर तालुक्यात नसेल. हरभऱ्याची भाजी झाली होती. ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी उकळत होती. आमच्याकडे त्या दाण्यांना सोले म्हणतात. ओवा घालून भिजवलेली कणीक मोठ्या परातीत ओल्या फडक्याखाली मुरत होती. मनातल्या मनात मी भाषणही पाठ करत होते: "नमस्कार, मी रंजना मेश्राम, आज आपल्या ताटात..." खळ्यावर कौसाबाईंनी दिलेल्या गोवऱ्या मी गोल रचल्या आणि पेटवल्या. पानगे म्हटले की गोवऱ्याच. त्यांचा विस्तव धीमा, बराच वेळ टिकणारा. पानगा त्यात आईच्या कुशीत झोपल्यासारखा शिजतो.

केतकी मांडवाखाली सतरंज्या घालून आली आणि धुराकडे बघत उभी राहिली.

"ताई, हे काय आहे?"

"गोवऱ्या."

"कशाच्या?"

"गोवऱ्या कशाच्या असतात? शेणा..."

"म्हणजे गाईच्या," केतकी हळूच म्हणाली.

कौसाबाई मागून म्हणाल्या, "मग काय मानसाच्या असत्यात व्हय?"

खरं सांगते, गोवरी ही जनावराची वस्तू आहे, हे माझ्या मनाला शिवलंही नव्हतं. दूध जनावराचं, तूप जनावराचं. गोवरी म्हणजे जळण! लाकडासारखी, कोळशासारखी. जन्मापासून भिंतीला थापत आले, पण ती कुणाची आहे असं कधी वाटलं नाही. आणि इकडे चाळीसेक माणसं बसमध्ये बसून निघालेली, त्यांना लिहून दिलेलं: बियाण्यापासून ताटापर्यंत.

केतकीने गटावरच विचारून टाकलं, शेणाच्या निखाऱ्यावर भाजलेलं चालेल का. मग बसमधून जे सुरू झालं ते ती मला वाचून दाखवत होती. एकाने लिहिलं, अजिबात नाही. दुसऱ्याने लिहिलं, गाय गवतच खाते, म्हणजे शेण हे वनस्पतीच आहे, फक्त मोठा वळसा घालून आलेलं. तिसरीने लिहिलं, गाईला विचारलं होतं का? त्यावर दामले काका नावाच्या कुणीतरी लिहिलं, "गाय पुण्याची असेल तर तिने कागद आणि पिशव्याही खाल्ल्या असतील. तेही वनस्पतीच धरावं का?" पुढे नुसता गोंधळ. बस मंचरच्या पुढे आली तरी निकाल लागेना.

कौसाबाई वैतागल्या. "कुनाला दावाया जाताय? भाज आन वाढ. पानात गुंडाळलेलं असतंय, शेन कुटं लागतंय त्येला. खाऊन गप जातील."

गप गेलेही असते. पण ज्या माणसाने एखादी गोष्ट नको म्हटली, तिच्यावर शिजवून त्याच्या ताटात वाढायचं आणि वरून हसायचं, हे माझ्याने झालं नसतं. मी काठी घेतली आणि पेटत्या गोवऱ्या बाजूला ओढायला लागले.

"आता कशावर भाजणार?" केतकीने विचारलं.



अण्णांनी बांधावर रचलेल्या काड्या दाखवल्या. ऑक्टोबरात वेलींची छाटणी होते, तेव्हापासून त्या वाळत पडलेल्या. नवीन जागी नवीन जाळ केला. काय सुंदर पेटल्या! त्या ज्वाळांवर मी सगळी वांगी भाजून घेतली, असं भरीत मी जन्मात केलं नव्हतं. मग निखाऱ्यात पानग्यांचा पहिला घाणा घातला. जरा वेळाने काढला तर बाहेरून कोळसा, आतून कच्ची कणीक, आणि निखारे केव्हाच राख झालेले.

कौसाबाई म्हणाल्या, "द्राक्षाची काडी म्हंजी वरातीतला नवऱ्याचा मैतर. लई नाचतोय, टिकत न्हाय."

आणि त्याच वेळेला बागेच्या फाटकातून बस आत आली.

पाहुणे

बसमधून उतरून माणसं हात मोकळे करत मांडवाखाली शिरली आणि पहिल्या पावलालाच सगळ्यांच्या माना खाली गेल्या. एकाने "वाईन कुठाय?" विचारलं. अण्णा म्हणाले, "इथली द्राक्षं नुसती खातात." चालकाने केतकीला बाजूला घेऊन बजावलं, "मॅडम, आठला गाडी हलणार म्हणजे हलणार. मला उद्या पहाटे शाळेची पोरं न्यायचीत." केतकीने मान डोलावली आणि माझ्याकडे पाहिलं. मी परातीतल्या कणकेकडे पाहिलं.

कौसाबाईंनी मला दंडाला धरलं. "माज्या घरामागं जुन्या बागेची खोडं पडल्यात. औंदा ती बाग उपटली. त्याच्यावर माजं अंघोळीचं पानी तापतं. त्येचा इस्तू टिकतोय. पन धरायाला येळ लागंल."

"किती?"

"लागंल तेवढा."

त्यांच्या बायका खोडं आणायला पळाल्या. जाड, वाकडी, माणसाच्या पिंढरीएवढी. ती पेटली, पण धुमसत, आपल्याच मर्जीने. निखारा काही दिसेना. मांडवाखाली चाळीस माणसं सतरंज्यांवर बसून पत्रावळींकडे बघत होती. कानटोपी घातलेले एक उंच काका उठून खळ्यापर्यंत आले, हात मागे बांधून जाळाकडे बघत राहिले.

"अहो बाई, जेवण मोसमी आहे असं कळलं. कुठल्या मोसमात मिळेल?"

हेच ते दामले काका.

केतकी कुजबुजली, "ताई, आता तुम्हीच बोला त्यांच्याशी."

मी मांडवाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. तळहातांना पाणी सुटलं होतं. पाठ केलेलं भाषण कुठे गेलं कळलं नाही, "नमस्कार" सुद्धा आठवेना. तोंडातून निघालं ते असं:

"तुम्हाला आत्ता जेवायला मिळणार नाही."

सगळे हसले. मला वाटलं, माझ्यावर हसले. मग पुढचं आपोआप आलं. गोवऱ्यांचं सांगितलं, काड्यांचं सांगितलं, जळलेला पानगा वर धरून दाखवला. "आमच्या गावी पानग्यांच्या जेवणाला कुणी पाहुणा नसतो. आलेला माणूस आधी कणीक थापतो, मग जेवतो. मी पुण्याची रीत म्हणून तुम्हाला बसवून ठेवलं, ते चुकलं. हात धुवा आणि खळ्यावर या."

मग दामले काकांनी कानटोपी काढून खिशात घातली. "चला. पेन्शनीत निघाल्यापासून कुणी काम सांगितलं नव्हतं."

आणि मग खळ्यावर जी मजा आली बापा! पोरापोरींनी बाह्या सरसावल्या. कणकेचे गोल कसले, कुणाचा तिकोनी, कुणाचा बशीएवढा, एकाने तर गाडीचा टायर केला, मध्ये भोक पाडून. कौसाबाई सगळ्यांच्या मधून फिरत होत्या. "ए ताई, ती कणीक हाय, मोबाइल न्हाय, बोटानं काय ढकलतीस? तळहात लाव." दामले काकांचा गोल मात्र नेटका. कौसाबाईंनी उचलून पाहिला. "घरी बायकू हाय का?"

"आहे."

"मग तिला कदी दावलं न्हाय वाटतं, ह्ये येतंय म्हनून."

"दाखवलं असतं तर रोज करावं लागलं असतं," काका म्हणाले.

तोवर खोडांना रंग चढला होता. तांबडा, खोलवरचा, गोवरीसारखा धीमा. पानात धरलेले पानगे आम्ही एकेक करून निखाऱ्यात पुरले आणि वरून गरम राख ओढली. मग नुसतं बसणं. अंधार पडायला लागला, अण्णांनी मांडवाखाली दिवे लावले, माणसं जाळाभोवती शेकत बसली. मला प्रश्न विचारायला लागली. पवनी कुठे आहे, तलाव किती आहेत, भात किती प्रकारचा, जवसाचं तेल कच्चंच कसं खातात. मी उत्तरं देत होते. किती वेळ बोलले कोण जाणे. तळहात कधी सुकले ते कळलंही नाही.

चालकाने पहिला हॉर्न दिला.

"अजून थोडं," मी राख उकरत म्हटलं. दुसरा हॉर्न. मी पानगे काढायला लावले. फडक्यात धरून मुठीने फोडले, वाफ निघाली, वर जवसाचं तेल. मांडवाखाली दोन ओळींत पंगत बसली, मध्ये भरीत, हरभऱ्याची भाजी, सोल्यांची आमटी. कौसाबाई म्हणत होत्या, "आमी बाया मागनं बसू."

"मागून कशाला? पानं तुम्ही आणली, खोडं तुम्ही आणली. आत्ताच बसा," मी म्हटलं, आणि त्यांच्या बायकांना ओळीत मध्ये मध्ये बसवलं. त्या टायरवाल्या मुलाशेजारी एक आजी बसल्या. त्यांनी त्याला पानगा आमटीत कसा कुस्करायचा ते दाखवलं, आणि मग त्याच्या पानातली हिरवी मिरची हळूच उचलून घेतली. "तुला झेपायची न्हाय, बाळा."

मी वाढत फिरत होते. माना खाली, हात चालू, बोलणं कमी. रांधणाऱ्या बाईला याहून गोड काही ऐकू येत नाही. तिसरा हॉर्न मात्र आलाच नाही. वळून पाहिलं तर चालक पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसला होता आणि केतकीला म्हणत होता, "मॅडम, साडेआठला काढू."

शेवटी अण्णांनी द्राक्षांच्या पाट्या आणून ठेवल्या, थंडगार, आत्ताच तोडलेली. कुणी उपाशी राहिलं नाही. भांडी पालथी घालायची वेळ आली तेव्हा मी एकेक बघून घेतलं. खरंच कुणी उपाशी राहिलं नव्हतं.

परत

परतताना मी आणि केतकीही बसमध्येच बसलो. बस सुरू झाली तेव्हा कौसाबाई खिडकीखाली पळत आल्या. "रंजे, तू जेवलीस का गं?"

मला आठवेना.

"वाटलंच मला." राखेतून काढलेला एक पानगा, पळसाच्या पानासकट, त्यांनी खिडकीतून माझ्या मांडीवर टाकला. मी आभार मानेपर्यंत त्या मागे राहिल्या होत्या, दिव्यात हात हलवत.

बसमध्ये पोरं पेंगायला लागली. केतकी माझ्या खांद्यावर झोपली. मी पानगा फोडला. बाहेरून खरपूस, सुंदर. घास घेतला, आणि मध्यभागी दाताला कणीक लागली. कच्ची.

हा शेवटचा होता, सगळ्यांत जास्त वेळ राखेत राहिलेला. मग आधीचे कसे असतील? मागच्या बाकावर दामले काका जागे होते.

"काका," मी मागे वळून विचारलं, "तुमचा पानगा शिजला होता का?"

"वरून उत्तम."

"आणि आतून?"

"आतून जरा बिचकलेला होता. यजमानांसारखा."

"सगळ्यांचेच?"

"माझ्या ओळीत तरी. शेजारच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनी दुसरा मागून घेतला."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

काकांनी खिशातून कानटोपी काढली, नीट घातली. "अहो, नावं ठेवायला पुण्यात सोमवार ते शनिवार आहेत. रविवारी जेवावं."

मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. चाळीस माणसं! चाळीस पुणेकर, आणि एकाने तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. मी पदराने डोळे पुसत होते, तर मागून एक हात पुढे आला.

"तो एकट्याच संपवणार आहात का? इकडे थोडा द्या."

मी पानगा मोडला. खरपूस कड त्यांच्या हातावर ठेवली आणि मधला कच्चा भाग मी घेतला. यजमान मी होते.